हॅबिटचा पॅटर्न: बॉडिस पास, गुडघा काठावर

१८८० च्या दशकातल्या इंग्लिश रायडिंग हॅबिटचा, म्हणजे बायकांच्या घोडेस्वारीच्या पोशाखाचा, हा कापड बेतायचा कागदी पॅटर्न. पाकिटात बारा तुकडे आहेत. बॉडिसचे, म्हणजे वरच्या अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्याचे, सात: पुढचा भाग, कुशीचा भाग, पाठीचे दोन, बाहीचे वरचा आणि खालचा, आणि उभी कॉलर. स्कर्टचे पाच: पुढचा पाट, उजवा पाट, डावा पाट, कमरेची पट्टी आणि तळाची पट्टी. सगळी मापं एकाच कागदावर छापलेली आहेत, शिवणीची माया १.५ सें.मी. धरलेली आहे, सोबत सूचनांची पुस्तिका आहे. कागद चांगला जाड आहे, चाक फिरवून ट्रेस करताना फाटत नाही. पॅटर्न पुन्हापुन्हा वापरायचा असेल तर ही गोष्ट छोटी नाही.

पण हॅबिट हा बसून घालायचा पोशाख आहे. आरशासमोर उभं राहून तो कसा दिसतो यावरून निकाल देता येत नाही. साइडसॅडलवर, म्हणजे एकाच अंगाला पाय ठेवून बसायच्या बायकी खोगिरावर, दोन्ही पाय घोड्याच्या डाव्या अंगाला असतात. उजवी मांडी आडवी, खोगिराच्या वरच्या शिंगावरून (पाय अडकवायच्या खुंटावरून) पलीकडे गेलेली. उजवी पोटरी घोड्याच्या खांद्याशी लोंबती. डावा पाय रिकिबीत, आणि डाव्या मांडीवर खालचं वाकडं शिंग. हे दुसरं शिंग साधारण १८३० च्या सुमारास आलं आणि बायकांना दौडता-उडवता येऊ लागलं. त्याआधी नुसतं तोल सांभाळून बसायचं काम होतं. खोगीर बदललं तसा कपडाही बदलला. १८५० च्या आसपासचे जमिनीपर्यंत लोळणारे घेर हळूहळू आटले आणि १८८० पर्यंत स्कर्ट इतका आटोपशीर झाला की त्यात उजव्या गुडघ्यासाठी वेगळी खोळ बेतावी लागली. ही खोळ जमली तर हॅबिट जमला. या पॅटर्नमध्ये ती अर्धीच जमली आहे.

आधी चांगलं सांगू. बॉडिस उत्तम आहे. व्हिक्टोरियन काळात हॅबिट शिवायचं काम बहुतेक पुरुषांचे कोट शिवणाऱ्या टेलरांकडे असे. रेडफर्न, क्रीड ही त्यातली गाजलेली नावं. ज्याने बॉडिस आखला आहे त्याला ही कोटाची शिस्त कळलेली आहे. मुंढा (बाही जोडायची गोलाई) लहान आणि उंच काढला आहे. नवख्याला वाटतं, मुंढा मोठा म्हणजे हात मोकळा. उलट होतं: मुंढा खाली गेला की हात पुढे घेताच अख्खा बॉडिस वर ओढला जातो. बाही दोन तुकड्यांची, कोपरात वाकलेली, आणि बाहीचा माथा पुढच्या बाजूला झुकलेला आहे, म्हणजे लगाम धरलेला हातच तिचा नैसर्गिक हात. तपासायचं असेल तर कोपरं कुशीला टेकवा, दोन्ही मुठी पोटासमोर आणा आणि कुणाला तरी पाठीचं कापड चिमटीत धरायला सांगा. दीड-दोन सें.मी. सुटलं पाहिजे. इथे बरोबर तेवढंच सुटतं. पाठीच्या मधल्या तुकड्यांची कमरेशी निमुळती होत जाणारी रेषा तर फारच देखणी आहे, आणि घोड्यावर बसलेल्या बाईची पाठच जास्त दिसते हे लक्षात घेतलं तर ही मेहनत योग्य जागी झाली आहे.

बॉडिसमध्ये बदल एकच, पण तो टाळू नका. पुढचं टोक कमरेखाली ९ सें.मी. उतरवलं आहे. उभं असताना ते झकास दिसतं. बसल्यावर उजवी मांडी वर येते, टोक तिच्यावर टेकतं, बॉडिस वर सरकतो आणि कॉलर हनुवटीखाली रुतते. अशा वेळी दोष कॉलरला दिला जातो, ती कापून लहान केली जाते, आणि मग गळाही बिघडतो. टोक ४ ते ५ सें.मी.वर आणा, कॉलर आहे तशी ४ सें.मी. ठेवा. आतल्या हाडकाड्याही (बॉडिस ताठ ठेवणाऱ्या काड्या; नऊ दिल्या आहेत, तेवढ्या पुरतात) कमरेच्या रेषेखाली जाऊ देऊ नका. मागचा छोटा झालरवजा भाग खोगिरावर सपाट पडला पाहिजे, बुडाखाली अडकता कामा नये. त्याची १२ सें.मी. लांबी ठीक आहे, फक्त आत कॅनव्हासची पट्टी घालून त्याला जरा वजन द्या.

बटणं सोळा, मध्ये अडीच ते तीन सें.मी. अंतर. ठीक. एक बटण नेमकं छातीच्या सर्वात भरलेल्या जागी यायला हवं; पुस्तिका वरून मोजत यायला सांगते. तसं केलं तर ती जागा दोन काजांच्या मधे येते आणि तिथे फट पडते. पहिलं बटण छातीवर ठरवा, मग वर आणि खाली मोजा.

मापांबद्दल. पाकिटावर छाती, कंबर, नितंब आणि समोरची लांबी एवढंच मागितलं आहे. स्कर्टसाठी हे अपुरं आहे. मापं खोगिरावर घ्यायची असतात. जुन्या लंडनच्या टेलरांकडे दुकानातच लाकडी घोडा असे, त्यावर बसवून ट्रायल होत असे. आज खोगीर ठेवायच्या मजबूत स्टँडवर काम भागतं. रोजचा कॉर्सेट किंवा जो काही आतला कपडा असेल तो घालून बसा आणि हे घ्या: कमरेपासून उजव्या मांडीवरून, गुडघ्याला वळसा घालून उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत, कमरेपासून डाव्या मांडीवरून डाव्या टाचेपर्यंत, मागे कमरेपासून खोगिराच्या बैठकीपर्यंत, वाकलेल्या उजव्या गुडघ्याचा घेर, आणि दोन्ही गुडघे एकत्र धरून सगळ्यात रुंद जागेचा घेर. रिकिबीचा पट्टा ज्या भोकावर रोज लावता त्याच भोकावर हवा. पट्टा दोन भोकं वर-खाली झाला की डावा गुडघा हलतो, आणि गुडघा हलला की तळाची रेषा तिरकी होते.

आता गुडघा. पॅटर्नमध्ये पुढच्या पाटावर उजव्या गुडघ्यासाठी दोन टक्स (कापड चिमटून शिवलेल्या निमुळत्या चुण्या) दिले आहेत, दोन्ही जवळजवळ समांतर, कमरेकडून खाली उतरणारे. त्यातून पिशवी होते, खोळ होत नाही. गुडघ्याची वाटी गोल असते. टक्स तिच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे पसरले पाहिजेत आणि टोकं वाटीच्या कडेला थांबली पाहिजेत, मध्यावर एकत्र येता कामा नयेत. एकाच बिंदूवर आले की तिथे शंकू उभा राहतो आणि घोडा चालू लागला की तो नाचतो. आमचा सल्ला: छापील दोन टक्स सोडून द्या. जाड कापडाच्या कच्च्या नमुन्यावर, बसलेल्या अवस्थेत, वाटीभोवती खडूने वर्तुळ काढा आणि जिथे कापड सैल पडतं तिथे टाचण्या लावा. बहुतेक अंगांना तीन टक्स लागतात, प्रत्येक साधारण १२ सें.मी. लांब आणि कडेला दोन ते अडीच सें.मी. खोल. गुडघ्यावर एका बोटाची ढिलाई ठेवा. अजिबात न ठेवली तर बसताना पहिला ताण शिवणीवर येतो.

कच्चा नमुना चादरीच्या कापडात करू नका. पुस्तिका नेमकं तेच सुचवते. पातळ सुती कापड गुडघ्यावर कसंही बसतं, आणि जाड लोकरी कापड कुठे अडणार आहे ते कळतच नाही. जुनी घोंगडी, ब्लँकेट, तंबूचं कापड, काहीही चालेल, पण जाड हवं.

नमुन्यावरच्या ओढीच्या रेषा वाचता आल्या पाहिजेत. उजव्या गुडघ्यापासून उजव्या कमरेकडे ताण दिसत असेल तर पुढच्या पाटाला उजवीकडे लांबी कमी पडते आहे: नितंबाच्या रेषेवर आडवा काप घेऊन उजव्या बाजूला तीन सें.मी. उघडा, डाव्या बाजूला शून्यावर आणा. गुडघ्याखाली, पोटरीवर आडव्या वळ्या पडत असतील तर खोळ खोल झाली आहे. डाव्या मांडीवर, खालच्या शिंगाजवळ कापडाचा गोळा जमत असेल तर तिथलं कापड काढाच. शिंग आणि मांडी यांच्यामध्ये वळी सापडली की तासाभरात काळंनिळं होतं.

दुसरी चूक नकाशातच आहे. पुढचा पाट आणि उजवा पाट जिथे जोडले जातात ती शिवण बसल्यावर बरोबर उजव्या गुडघ्याच्या मागे, वरचं शिंग जिथे टेकतं तिथे येते. लोकरी कापडाची चार पदरांची शिवण आणि वर शरीराचा भार. ही शिवण ६ सें.मी. वर, मांडीच्या माथ्याकडे सरकवा. जेवढं पुढच्या पाटातून काढाल तेवढं उजव्या पाटाला जोडा. आणि उजव्या पाटाला शिंगांसाठी आत शिरायला जागा हवी, कारण पूर्ण बंद स्कर्टमध्ये खालचा थर शिंगांनी दोन पायांच्या मध्ये वर ढकलला जातो. पॅटर्नमध्ये हा पाट सपाट आहे. गुडघ्यामागच्या पातळीवर ४ सें.मी. जादा घ्या आणि ते इस्त्रीने आटवून बसवा. लोकर ओल्या फडक्याखाली, वाफेवर आटते आणि ताणतेही. पॉलिएस्टर मिसळलेलं कापड आटत नाही, म्हणून या कामाला ते कुचकामी. किती मिसळलं आहे याची खात्री नसेल तर एक धागा जाळून बघा: लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि राख चुरडते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

कापडाबद्दल पुस्तिका मोघम आहे: "मध्यम वजनाची लोकर". मध्यम म्हणजे काय? कोटाच्या सूटिंगचं २५० ग्रॅमचं कापड घेतलं तर वाऱ्यावर उडेल आणि गुडघ्याची खोळ आकारच धरणार नाही. चौरस मीटरला ४५० ते ६०० ग्रॅमचं मेल्टन किंवा चांगलं घट्ट ब्रॉडक्लॉथ हवं; दोन्ही दाट, आटवलेली लोकरी कापडं. मेल्टनची परीक्षा सोपी: कात्रीने कापलेली कड अंगठ्याने दहा वेळा घासा, धागे सुटले तर ते खरं मेल्टन नव्हे. त्याची कड सुटत नाही म्हणूनच शिवणी एकावर एक सें.मी.भर चढवून, कड न दुमडता, दोन रांगा मारून सपाट ठेवता येतात. खोगिरावर तीच शिवण हवी. उन्हाळी वापराला त्या काळी हॉलंड नावाचं जाड लिननही वापरत; त्याच्या शिवणी मात्र दुमडाव्या लागतात.

कापड लागतं किती? पाकीट म्हणतं, १५० सें.मी. पन्ह्याचं ३.७ मीटर. लव (एका दिशेने बसलेले बारीक केस) असलेल्या कापडाला ते पुरत नाही. लव खाली जाणारी असायला हवी आणि सगळे तुकडे एकाच दिशेने मांडायला हवेत, नाहीतर उन्हात दोन पाट दोन रंगांचे दिसतात. ४.८ ते ५ मीटर धरा. कापायच्या आधी सगळं कापड ओल्या फडक्याने वाफवून आटवून घ्या, सपाट पसरून वाळवा. इथे आळस केला तर पहिल्या पावसात स्कर्ट चार बोटं आखूड.

सगळ्यात महाग चूक मात्र कापणीतली आहे, आणि पुस्तिकेने ती एका तळटीपेत ढकलली आहे. स्कर्ट दोन्ही अंगांनी सारखा नाही. तो दुपदरी कापडावर कापता येत नाही. कापड एकपदरी, सुलट बाजू वर, आणि पॅटर्नचे तुकडेही छापील बाजू वर. एखादा तुकडा उलटा पडला की गुडघ्याची खोळ डावीकडे गेली आणि तीन मीटर मेल्टन वाया. खडूने प्रत्येक तुकड्यावर "उजवा", "डावा", "वर" लिहा, उलट बाजूवर लिहा, आणि मगच कात्री लावा. (उलटी हॅबिट मुद्दाम शिवायची वेळही येते. १८६७ च्या आजारपणानंतर वेल्सची राजकन्या अलेक्झांड्रा हिचा गुडघा ताठ झाला, म्हणून ती उजव्या अंगाला पाय ठेवून बसायची. तसं खोगीर असेल तर सगळा स्कर्ट आरशातला.)

शिवायला १०० नंबरची सुई, ३ मि.मी. टाका. पुस्तिकेतला क्रम मात्र पाळू नका: ती टक्स, शिवणी, तळाची पट्टी आणि मग कंबर असं सांगते. तळ शेवटी. कमरेची पट्टी बसवा, स्कर्ट घालून खोगिरावर बसा, रिकिबीत पाय घाला आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून सारख्या उंचीवर खडूच्या खुणा करायला सांगा. तळाची रेषा जमिनीला समांतर, उजवा पाय पूर्ण झाकलेला, डाव्या पायाच्या टाचेखाली थोडीच उतरलेली. हा तळ उभं राहिल्यावर वेडावाकडा दिसतो, दिसू द्या.

दुमड ५ सें.मी. पुस्तिका तळात वजनाची साखळी घालायला सांगते. आधीच्या लांब घेरांत शिशाचं वजन घालत हे खरं, पण १८८० च्या आटोपशीर स्कर्टला जाड कापडाचंच वजन पुरतं, आणि साखळी घोड्याच्या पोटावर आपटत राहते. त्याऐवजी आतून अडीच सें.मी. रुंद इलॅस्टिकचे दोन पट्टे लावा, एक उजव्या पायाच्या चवड्यासाठी, दुसरा डाव्या टाचेसाठी. एक टोक पक्कं, दुसरं टोक कच्च्या दोऱ्याने, इतक्या कच्च्या की हिसका बसला की तुटावं.

आणि हा मुद्दा आला की या पॅटर्नबद्दलची खरी तक्रार सांगायलाच हवी. यात फक्त बंद स्कर्ट आहे आणि धोक्याबद्दल एक ओळ नाही. घोडा पडला किंवा स्वार फेकली गेली की बंद स्कर्टचा खालचा थर शिंगात अडकतो आणि बाई लोंबकळत ओढली जाते. व्हिक्टोरियन काळात अशा अपघातांमुळेच १८७५ मध्ये पहिला सेफ्टी स्कर्ट आला आणि पुढे त्यातूनच एप्रन, म्हणजे बुडाखाली कापडच नसलेला उघडा स्कर्ट, तयार झाला, जो आजही वापरात आहे. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ १८७६ पासून इंग्लंडमध्ये शिकारीला जायची तेव्हा तिचा हॅबिट अंगावरच शिवून बसवला जायचा असं सांगतात. कौतुकाने वाचायला ठीक, नक्कल करायला नाही. फोटोसाठी, मिरवणुकीसाठी, चालीवर फिरण्यासाठी बंद स्कर्ट चालेल. दौड आणि उडी असेल तर नको.

सुदैवाने याच पॅटर्नवरून एप्रन काढता येतो. कच्चा नमुना अंगावर असतानाच, बुडाखालचा आणि शिंगांभोवतीचा भाग खडूने आखा, खाली उतरून तो पूर्ण कापून टाका. पुढचा पाट, गुडघ्याची खोळ आणि डाव्या पायावरचं कापड राहू द्या. उरलेली कड रुंद फितीने बंदिस्त करा, तिथे एकही फास किंवा गाठ राहता कामा नये. कमरेची पट्टी दाबबटणांवर ठेवा, हुकांवर नको. आत त्याच रंगाची ब्रीचेस (घोडेस्वारीची तंग विजार) आलीच. काळ्या स्कर्टखाली पांढरी ब्रीचेस दिसली की सगळी शोभा गेली. एप्रनच्या मागच्या कडेला एक बटण आणि डाव्या नितंबाशी एक फास ठेवला की खाली उतरल्यावर तो पाठीमागून गुंडाळून चालता येतं.

बंद स्कर्टच ठेवलात तर चालताना उजवीकडचा लोंबता भाग उचलायला मागे कमरेशी बटण आणि तळापासून ४० सें.मी. वर आतून फास लावा. पाकिटात याची खूण आहे, पण ती पुढच्या पाटावर आहे; तिथे फास लावला तर स्कर्ट उचलल्यावर समोरून ब्रीचेस दिसते. उजव्या पाटावर घ्या.

घेण्यासारखा आहे का? बॉडिससाठी नक्की. स्कर्टसाठी, ज्याच्याकडे खोगीर, स्टँड आणि एक मदतनीस आहे त्याने घ्यावा, कारण नमुन्याचे किमान दोन फेरे लागतील. सरावाच्या हाताला पूर्ण पोशाखाचे ५० ते ६० तास, त्यातले जवळजवळ वीस गुडघ्यावर आणि इस्त्रीवर. पहिलाच लोकरी कपडा शिवणाऱ्याने याच्या नादी लागू नये. आधी एक साधा अस्तरवाला कोट शिवून ओलं फडकं, लाकडी ठोकळा आणि इस्त्री यांची सवय करून घ्यावी.

तयार स्कर्ट कमरेच्या पट्टीने टांगू नका, दोनेक किलोचा भार पट्टीला लांबवतो. रुंद दांडीवर आडवा घाला, गुडघ्याच्या खोळीत टिश्यू पेपरचा गोळा ठेवा, आणि घोड्याचा घाम लागलेली आतली बाजू वाळल्यावर ब्रशने झाडून मगच कपाटात.